‘व्हॉल्व्ह गेलेत’ असे सांगून गळ्यात मारलेला जुना माल

ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात काचनळ्यांवर चालणारा, जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि तो अलीकडे कुरकुर करू लागला आहे, त्यांनी तो दुरुस्तीला देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. यात बनावट माल आहेच, पण खरी फसवणूक त्याच्या एक पायरी आधी होते. दोष सर्किटमध्ये असताना तो व्हॉल्व्हच्या माथी मारला जातो, चांगले व्हॉल्व्ह ‘भंगार’ म्हणून काढून घेतले जातात आणि त्यांच्या जागी कोणाचे तरी झिजलेले व्हॉल्व्ह नव्या खोक्यात घालून विकले जातात.

माझा अ‍ॅम्प्लिफायर स्टीरिओ आहे. प्रत्येक चॅनेलला पुश-पुल पद्धतीने, म्हणजे आवाजाचा भार आळीपाळीने वाहतील असे, जोडलेले दोन ईएल८४ (स्पीकरला शक्ती पुरवणारे व्हॉल्व्ह) आणि त्यांच्या आधी संकेत वाढवणारा ईसीसी८३ अशी त्याची साधी रचना आहे. तक्रार एवढीच होती की अर्धा तास चालल्यावर डावीकडचा आवाज फाटू लागे आणि त्या बाजूच्या एका ईएल८४ ची प्लेट (इलेक्ट्रॉन गोळा करणारा आतला धातूचा भाग) मंद लाल दिसे. जुन्या व्हॉल्व्हचे जाणकार म्हणून ज्यांचे नाव मला सुचवण्यात आले होते, त्या गृहस्थांनी झाकण उघडले, आत पाहिले न पाहिल्यासारखे केले आणि व्हॉल्व्ह उपसून आपल्या टेस्टरवर लावायला सुरुवात केली.

त्या टेस्टरवर लाल आणि हिरव्या पट्ट्यांची तबकडी होती. माझा व्हॉल्व्ह लावला की काट्याने जेमतेम हालचाल केली न केली तोच ‘बघा, लालमध्ये आहे’ असे म्हणून ते तो काढून घेत. स्वतःकडचा व्हॉल्व्ह मात्र लावून ते माझ्याशी गप्पा मारत बसले, आणि बोलता बोलता काटा सावकाश हिरव्यात गेला. यातली मेख अशी की ईएल८४ चा कॅथोड अप्रत्यक्षपणे, म्हणजे आतल्या हीटरने तापतो. तो पुरता तापून इलेक्ट्रॉन सोडू लागायला वीस-तीस सेकंद लागतात आणि त्याआधी घेतलेल्या मापात उत्तम व्हॉल्व्हदेखील मेलेलाच दिसतो. शिवाय असले साधे टेस्टर सर्व ग्रिड (कॅथोड आणि प्लेट यांच्यामधल्या तारेच्या जाळ्या) प्लेटला जोडून केवळ एकूण उत्सर्जन मोजतात. ग्रिडवरच्या बदलाला प्लेटचा प्रवाह किती प्रतिसाद देतो, हे एव्हो किंवा हिकॉक यांच्या जुन्या यंत्रांसारख्या, म्युच्युअल कंडक्टन्स मोजणाऱ्या यंत्रांवरच कळते. ‘साहेब, चारही गेलेत, दोन्ही ईसीसी८३ सुद्धा संपल्यात जमा आहेत,’ असा निकाल मिळाला. त्यांच्याकडे ‘न वापरलेला जुना साठा’ होता, तोही मुलार्ड या नामांकित ब्रिटिश कंपनीचा. माझे जुने व्हॉल्व्ह बदल्यात दिले तर किमतीत थोडी सूट मिळणार होती.

मिळालेल्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर ९७, ९८, ९९ असे टक्के लिहिलेले होते. कशाचे टक्के, कोणत्या व्होल्टेजवर मोजलेले, याचा उल्लेख कोठेही नव्हता. चारही ईएल८४ ‘मॅच्ड’, म्हणजे एकसारखा प्रवाह ओढणारे, असल्याचे तोंडी सांगितले होते.

घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत डावीकडच्या त्याच सॉकेटमधल्या नव्या व्हॉल्व्हची प्लेट तशीच लाल झाली. व्हॉल्व्ह बदलूनही दोष जागेवरच राहिला, याचा अर्थ तो व्हॉल्व्हमध्ये नव्हता. खात्रीसाठी मी उजवीकडचा व्हॉल्व्ह डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे लावून पाहिला, तरी लाली त्या सॉकेटला सोडायला तयार नव्हती. ही अदलाबदल करायला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याने ती करून दाखवायला टाळाटाळ केली तर त्याच्या हेतूविषयी शंका घ्यायला पुरेसे कारण आहे असे माझे मत झाले आहे.

पुढची मोजमापे चालू अ‍ॅम्प्लिफायरवर करावी लागतात. आत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर बराच वेळ भारित राहू शकतात. त्यामुळे ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी ते सवय असलेल्या माणसाकडून आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावे. ईएल८४ ची दोन क्रमांकाची पिन म्हणजे कंट्रोल ग्रिड. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरसारख्या कॅथोड-बायस सर्किटमध्ये, म्हणजे जिथे कॅथोडला जोडलेला रेझिस्टर व्हॉल्व्हचा प्रवाह आवरतो तिथे, तिच्यावर चासीच्या (धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत जवळजवळ शून्य डीसी व्होल्ट असायला हवेत. तीन सॉकेटमध्ये ते तसे होते, चौथ्यात +६ व्होल्ट होते. आता हे व्होल्ट येतात कोठून, हे ठरवण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून तो व्हॉल्व्ह काढला आणि पुन्हा चालू करून तीच पिन मोजली. व्होल्ट नाहीसे झाले असते तर व्हॉल्व्हच्या आत वायू शिरला आहे किंवा त्याची ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडू लागली आहे असे म्हणता आले असते, पण ते तसेच राहिले. म्हणजे आधीच्या टप्प्याच्या प्लेटवरचा डीसी दाब अडवून फक्त आवाजाचा संकेत पुढे पाठवणारा कपलिंग कपॅसिटर गळत होता. त्या गळतीने ग्रिड वर उचलली जात होती आणि व्हॉल्व्ह नको इतका प्रवाह ओढत होता. त्याच्या २७० ओमच्या कॅथोड रेझिस्टरवर १५.४ व्होल्ट, म्हणजे सुमारे ५७ मिलिअ‍ॅम्पिअर, दिसत होते. ईएल८४ च्या प्लेटला १२ वॉटची मर्यादा आहे, आणि तीनशे व्होल्टच्या आसपास एवढा प्रवाह वाहिला की ती बरीच मागे पडते. माझे मूळ व्हॉल्व्ह या छळातही तग धरून होते, ही गोष्ट त्यांच्याविषयी पुरेसे काही सांगते.

चारही कपलिंग कपॅसिटर बदलले आणि लाली गेली. मग स्वाभाविकच विकत घेतलेल्या मालाकडे वळलो. दोष दूर झाल्यावर चार कॅथोड रेझिस्टरवरची मापे ११.२, ७.४, १०.६ आणि ६.१ व्होल्ट अशी आली. २७० ने भागल्यावर ते अनुक्रमे ४१, २७, ३९ आणि २३ मिलिअ‍ॅम्पिअर होतात. सॉकेट बदलले तरी कमी मापे त्याच दोन व्हॉल्व्हबरोबर फिरत राहिली. ‘मॅच्ड’ म्हणून दिलेल्या चौघांत हा फरक होता आणि पुश-पुलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला असा असमतोल मुळीच मानवत नाही. दोन ईसीसी८३ पैकी एकावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की स्पीकरमधून घंटेसारखा नाद उमटे, जो चांगल्या व्हॉल्व्हमधून यायला नको.

भिंगाखाली पाहिल्यावर उरलेली गोष्टही उलगडली. न वापरलेल्या व्हॉल्व्हच्या पिना साठवणीत काळवंडलेल्या असू शकतात, पण त्यांच्यावर सॉकेटमध्ये घातल्या-काढल्याचे उभे ओरखडे नसतात. इथे ते सर्व पिनांवर होते. माथ्यावरचा गेटरचा, म्हणजे आत उरलेला वायू शोषणाऱ्या बेरियमचा, आरसा दाट चंदेरी असण्याऐवजी कडांना विरळ आणि तपकिरी झाला होता. हवा शिरली तर हा आरसा दुधी पांढरा होतो. इथे तसे झाले नव्हते, फक्त तो वापराने झिजला होता. मुलार्डचे नाव मात्र कालच छापल्यासारखे झगझगीत होते.

आणि नावाला या धंद्यात फारसा अर्थच नाही. पूर्वी कारखाने एकमेकांचे व्हॉल्व्ह आपल्या नावाने विकत असत, आणि आज रशियातील सारातोव येथे मुलार्ड याच नावाने नवे व्हॉल्व्ह बनतात, जे तसे सांगून विकण्यात काहीच गैर नाही. पाहायचा असतो तो काचेच्या तळाशी, पिनांच्या थोडे वर, दोन ओळींत करड्या रंगात कोरलेला संकेत. मुलार्डच्या इंग्लंडमधील ब्लॅकबर्न कारखान्याच्या ईएल८४ वर पहिल्या ओळीत प्रकाराची खूण ‘आरएक्स’ या अक्षरांनी सुरू होते. दुसऱ्या ओळीत कारखान्याचे अक्षर ‘बी’, वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर आणि आठवड्याचा अंक असतो. ‘बी४के२’ म्हणजे चारने संपणाऱ्या वर्षातल्या नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. दशक त्यावरून कळत नाही, ते आतल्या बांधणीवरून ताडावे लागते. मला दिलेल्या दोन ईएल८४ वर असा संकेत नव्हताच, आणि उरलेल्या दोघांवर त्या जागी काच घासून धूसर केलेली होती.

माझ्या जुन्या व्हॉल्व्हवर तो स्पष्ट होता. अ‍ॅम्प्लिफायर उघडताना काढून ठेवलेल्या छायाचित्रांत तो वाचता येतो, आणि एका व्हॉल्व्हच्या काचेवर चौथ्या पिनेजवळ चंद्रकोरीसारखा बारीक ओरखडाही दिसतो. काही काळाने त्याच गृहस्थांनी विक्रीला ठेवलेल्या ‘न वापरलेल्या’ चौकडीच्या छायाचित्रात तोच संकेत आणि तोच ओरखडा मला दिसला.

ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून आणि मापांसह मी त्यांना लेखी विचारणा केली. पहिले उत्तर ‘विजेच्या वस्तू परत घेत नाही’ असे होते. चिठ्ठीवरचे टक्के कोणत्या प्लेट-व्होल्टेजला, किती मिलिअ‍ॅम्पिअरला आणि कोणत्या यंत्रावर काढले, ईसीसी८३ च्या एकाच काचेत असलेल्या दोन्ही भागांची मापे वेगवेगळी का दिलेली नाहीत, आणि हीटरचा दाब दहा टक्क्यांनी कमी केल्यावर माप किती घसरते, असे मी पुढे विचारले. थकलेला कॅथोड या शेवटच्या कसोटीत चटकन उघडा पडतो. त्यावर त्यांनी ‘एवढी चौकशी करणाऱ्यांशी आम्ही व्यवहार करत नाही’ असे कळवले. खरेदीपूर्वीच हे प्रश्न विचारले की असे विक्रेते आपण होऊन बाजूला होतात, हे मला नंतर इतर दोघा-तिघांशी बोलताना कळले. त्यांचेही जुने व्हॉल्व्ह ‘सूट’ देऊन ठेवून घेतले गेले होते.

बऱ्याच पत्रव्यवहारानंतर चार ईएल८४ चे पैसे परत मिळाले, ईसीसी८३ चे नाहीत. माझी मूळ चौकडी तोवर विकली गेली होती. अ‍ॅम्प्लिफायर आता नव्या कपॅसिटरवर आणि आजच्या उत्पादनातल्या साध्या ईएल८४ वर चालतो, आणि चारही कॅथोडवर ११ व्होल्टच्या आगेमागे माप येते.