विजेविना दोन रात्री : दाभोळ खाडीकाठच्या एका जुन्या घरातला मुक्काम

दाभोळ–धोपावे फेरीबोटीतून दक्षिण तीरावर उतरून खाडीच्या कडेने काही किलोमीटर आत गेले की एका वाडीत हे घर लागते. जाहिरातीत ‘आजीच्या काळातले कोकण’ असे त्याचे वर्णन आहे आणि अटीही त्याला साजेशा आहेत. घरात वीज नाही, पंखा नाही, गॅसची शेगडी नाही, फ्रीज नाही. मोबाइल ओटीवरच्या लाकडी पेटीत ठेवायचा आणि निघताना परत घ्यायचा. दोन्ही वेळचे जेवण धरून माणशी एका दिवसाचे २,८०० रुपये पडतात. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आईला घेऊन तिथे दोन रात्री राहिले. आई ७९ वर्षांची आहे. आयुष्याची पहिली तीस-बत्तीस वर्षे तिने अशाच घरांत आणि याच सगळ्या गोष्टींवाचून काढलेली असल्यामुळे या घराची पारख करायला ती माझ्यापेक्षा अधिक लायक होती, आणि हा अभिप्राय बराचसा तिच्या नजरेने लिहिलेला आहे. काही उणिवा स्पष्ट लिहायच्या असल्याने घराचे नाव देत नाही.

घर मात्र देखणे आहे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, पडवी, ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि आगरात नारळी-पोफळी. शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागते आणि तिचा वासही दोन तासांत सवयीचा होतो. संध्याकाळी सातनंतर इतका काळोख होतो की आकाशातले तारे मोजायचा कंटाळा येतो. पश्चिमेला खाडीच्या मुखाकडे मात्र अंजनवेलच्या वीजप्रकल्पाचा उजेड आभाळावर चढलेला दिसतो. तो उभारणारी एन्रॉन ही अमेरिकी कंपनी २००१ मध्येच दिवाळखोरीत गेली, तरी त्या प्रकल्पाला गावात आजही ‘एन्रॉन’ असेच म्हणतात. कंदिलाच्या उजेडात बसून त्या झळाळीकडे पाहण्यात एक गंमत आहे, जी जाहिरातीत सांगितलेली नाही.

मालक गृहस्थ सज्जन आणि बोलके आहेत. रात्री जेवणानंतर ते खळ्यात पाहुण्यांना बसवून पाऊण तास बोलतात. कारखान्यांनी माणसाचे आयुष्य बिघडवले, पूर्वी लोक गरजेपुरते मिळवत आणि सुखाने राहत, असा त्या बोलण्याचा सारांश. या घरात कारखान्यातून आलेली एकही वस्तू नाही, असे त्यांनी पहिल्याच रात्री अभिमानाने सांगितले. मी सहज वर पाहिले. छपरावर मंगळुरी कौले होती. ती कौले बनवण्याचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरूला काढला आणि तिथूनच ती पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आईच्या माहेरच्या घरावर ही कौले चढली तेव्हा आई बारा वर्षांची होती. तोवर दरवर्षी पावसाच्या आधी गवताची शाकारणी करावी लागे आणि एखादे वर्ष हात आखडला की आषाढात घरभर पातेली मांडावी लागत. कंदील, त्याची काच, त्यातले रॉकेल, काडेपेटी आणि खाटेवरची मच्छरदाणी यांचाही हिशेब मालकांना द्यावासा वाटला होता, पण पहिल्याच रात्री वाद नको म्हणून गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘जात्यावरचे दळण’ हा कार्यक्रम होता. पाहुण्यांनी आळीपाळीने जात्याचा खुंटा धरायचा, दहा-बारा फेरे फिरवायचे, फोटो काढून घ्यायचे आणि उठायचे. (फोटो मालक त्यांच्या मोबाइलवर काढतात आणि नंतर पाठवतात, ती अट पाहुण्यांपुरतीच आहे.) मी हट्टाने बसून राहिले आणि समोर ठेवलेले अर्धा किलो तांदूळ एकटीने दळून संपवायचे ठरवले. पहिली पाच मिनिटे हात हलका फिरला. पुढे खांदा भरून आला, मग कंबर, आणि शेवटी अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला. तांदूळ संपायला चाळीस मिनिटे लागली. पीठ जाडसर आणि विषम पडले आणि त्याच्या भाकऱ्या थापताना चिरा गेल्या. आई ओटीच्या जोत्यावर बसून हे सारे पाहत होती. मालक तिला म्हणाले, ‘‘आजी, तुम्हीही बसा ना, फोटो छान येईल.’’ आई म्हणाली, ‘‘दहा वर्षं बसले होते हो रोज. आता पैसे देऊन कशाला बसू?’’

सासरी तेव्हा अकरा माणसे खाणारी होती. पहाटे चारला उठून जाऊबरोबर समोरासमोर बसून त्या दोघी दिवसाचे पीठ काढत आणि मग विहिरीवर जात. गावात डिझेलच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरण आली ते साल आईला पक्के आठवते, १९७१. घरात वीज कधी आली ते तिला नीट सांगता येत नाही. गिरणीचा आवाज डोंगराआडून ऐकू येई आणि बायका डबे घेऊन दीड मैल चालत जात, पण त्या वाटेवर एकमेकींशी बोलता येई आणि गिरणवाला दळत असेपर्यंत नुसते बसायला मिळे. नुसते बसणे ही चैन तिला त्या इंजिनाने पहिल्यांदा दिली, असे ती म्हणते. मालकांच्या रात्रीच्या बोलण्यात ‘पूर्वीचे लोक’ जेव्हा जेव्हा निवांत बसलेले असत, तेव्हा आत जात्यावर कोण होते, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि त्यांनीही तो काढला नाही.

जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, तिरफळे घातलेले बांगड्याचे कालवण, सकाळी घावणे आणि नारळाचा रस, दोन्ही वेळा सोलकढी. दुसऱ्या दिवशीचे तिसऱ्यांचे सुके तर इतके उत्तम जमले होते की आईने पुन्हा मागून घेतले, आणि दुसऱ्याच्या हातचे ती सहसा मागून घेत नाही. हे सारे रांधणारी बाई शेजारच्या वाडीतून पहाटे स्कूटीवरून येते. स्वयंपाकघराला धुराडे नाही, कारण जुन्या घरात ते नव्हते. ओली लाकडे लागली की ती फुंकणी घेऊन वैलाशी वाकते आणि पदराने डोळे पुसते. पाहुणे दारातून डोकावून ‘काय सुंदर वास आहे’ म्हणतात. तिच्या स्वतःच्या घरी गॅस आहे. आईने तिच्याजवळ बसून चौकशी केली तेव्हा तिने हळूच सांगितले की दोन्ही खोल्या भरलेल्या असल्या की पाट्यावर एवढे वाटण होत नाही, मग ती घरून मिक्सरवर वाटून आणते. जाहिरातीत ‘पाट्यावरचे वाटण’ असे ठळक लिहिले आहे, म्हणून ग्राहक या नात्याने मला हे खटकायला हवे होते. आई तिला एवढेच म्हणाली, ‘‘बरं करतेस गो बाय.’’ चवीत मला काही फरक कळला नाही.

रात्रीची एक गोष्ट सांगायला हवी. झोपण्याआधी आईने कंदील खाली ठेवून गोधडी उचलली, दोनदा झटकली, उशी उलटी केली आणि भिंत व खाट यांच्यातल्या फटीत उजेड धरून बराच वेळ पाहिले. ही सवय मुंबईत तिने कधीच सोडून दिली होती, ती या घरात आपोआप परत आली. तिचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना लाकडांच्या माचातून ढलपी ओढायला गेला आणि त्याला विंचू डसला. मांत्रिक आला, पाला चोळला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोर गेले. कोकणातल्या लाल विंचवाचे विष रक्तदाब भडकवते, हृदय थकवते आणि फुप्फुसांत पाणी भरते. अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जण दगावत. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, आणि विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागून त्यांनी हा सारा क्रम नोंदवला. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवून दिल्यावर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. निदान खेड्यातल्या डॉक्टराचे आणि गोळी कारखान्यातली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या बाळाचे सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. त्या बत्तिसात माझा हा मामा आहे. मालकांनी माजघराच्या फळीवर एक औषधपेटी ठेवली आहे आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर भिंतीला लावला आहे, याबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. आजीच्या काळात ती पेटी नव्हती.

मालकांचे सगळेच म्हणणे टाकाऊ आहे असे मात्र नाही, आणि ते पटवले शेजारच्या एका भोई गृहस्थांनी. खाडीतली होडीची फेरी (माणशी ३०० रुपये वेगळे) त्यांच्याकडे असते. भरतीच्या वेळी पूर्वी या खाडीत बोइट मासे उड्या मारून होडीत पडत, असे त्यांनी सांगितले. आम्ही दीड तास फिरलो तेवढ्यात एकही उडी दिसली नाही. वाशिष्ठी आणि जगबुडी या नद्यांचे पाणी याच खाडीत येते आणि वर लोटे परशुरामची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. सांडपाण्यामुळे मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी या खाडीचे मच्छीमार कित्येक वर्षे करत आले आहेत. ते गृहस्थ मालकांसारखे यंत्राच्या नावाने बोटे मोडत नव्हते. त्यांच्या होडीला इंजिन होते, जाळे नायलॉनचे होते, पेटीत बर्फ होता आणि यातले काहीही परत करायची त्यांची तयारी नव्हती. मुलगा लोट्यालाच एका कंपनीत कंत्राटी कामावर आहे, हे त्यांनी आवाज न बदलता सांगितले. खाडी गेली ती मात्र आमची, फायदा घेणारे वेगळे, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते.

आमच्या घरचा हिशेबही असाच गुंतागुंतीचा आहे. वडील मुंबईत कापडगिरणीत होते. गणपती आणि शिमगा सोडला तर वर्षाचे अकरा महिने ते आम्हाला फक्त मनीऑर्डरच्या पावतीवरच्या अक्षरातून भेटत. त्या पैशावर आमच्या शाळा झाल्या, घराची भिंत चिऱ्याची झाली, आणि आजोबांवरचे खोताचे जुने देणे फिटले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि वडील ट्रंक घेऊन गावी आले ते पुन्हा खात्यात गेलेच नाहीत. गिरणीने नवरा नेला आणि पोटाला दिले, मग पोटाचे काढून घेऊन नवरा परत पाठवला, असे आई एकदा म्हणाली होती. तरीही तिला जात्यापुढे बसलेली स्वतःची सून पाहायची इच्छा नाही.

म्हणून या घराबद्दल माझे मत असे आहे की राहण्याची जागा म्हणून ते पैसे वसूल करून देते, पण शिकवण्याची जागा म्हणून ते अर्धेच खरे सांगते. काळोख, शांतता, ताजे अन्न आणि खाडी या जुन्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी इथे मिळतात, कारण त्यांच्यामागची कष्टाची आणि मरणाची बाजू स्कूटी, मिक्सर आणि औषधपेटी यांनी उचलून धरली आहे. रहाटाचेही तसेच. विहिरीवर रहाट आहे, पोहरा आहे, पाणी शेंदायला पाहुण्यांना मजा येते; पण न्हाणीतल्या टाकीत पाणी पहाटे साडेपाचला गोठ्यामागच्या विजेच्या पंपाने चढते आणि त्याच्या घरघरीने झोप मोडते. पंप असायला माझी हरकत नाही, तो सातनंतर लावावा एवढीच सूचना आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. बॅटरी बरोबर न्यावी, न्हाणीकडच्या दोन पायऱ्या कंदिलाच्या उजेडात दिसत नाहीत. बंबातले पाणी कढत असते, विसण घालूनच अंगावर घ्यावे. शौचालय नव्या पद्धतीचे आणि स्वच्छ आहे. मे महिन्यात पंख्यावाचून तिथे कसे निभावेल याची मला शंका वाटते. निघताना मी मालकांना स्वयंपाकघराला निदान धुराडे तरी बसवा, असे सुचवले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, मग थोडे थांबून म्हणाले की मागच्या महिन्यात पुण्याच्या पाहुण्यांनी खास धुराबद्दलच पाच तारे दिले होते.