कला विद्यापीठाचा प्रमुख: चित्रकार की प्रशासक?

मुंबईच्या ‘जे. जे.’ या जुन्या कलाशिक्षण संस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून नागपुरातल्या आम्हा चित्रकलावाल्यांत हा वाद रंगतो.

प्रशासक असला की पदभरती, मान्यता, निधीच्या फायली हलतात. हे काम कमी लेखू नये; मंजूर जागा रिकामी राहिली तर शिल्पकलेचा वर्गच ओस पडतो.

तरी माझा कौल चित्रकाराला. जे. जे.त शिकवणारे आणि पुढे तिथले प्रमुख झालेले ब्रिटिश चित्रकार जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथले शिष्य सोबत घेऊन संविधानाची पानं सजवली. असा प्रमुख वर्गात येऊन स्वतः कोळसा हातात घेतो, तेव्हा मुलं रेषेकडे वेगळ्या नजरेनं पाहतात. फायलींसाठी त्याच्या हाताशी खमका कुलसचिव द्यावा.