प्रोसेस फ्लो: आधी संपूर्ण परीक्षण की आधी छोट्या चाचण्या?

आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांसारख्या ठिकाणच्या सामायिक क्लीनरूममध्ये (सूक्ष्म उपकरणे बनवण्याच्या धूळमुक्त प्रयोगशाळेत) काम सुरू करणाऱ्या संशोधकाला दोन मार्ग दिसतात. वेफरच्या (सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या) पहिल्या धुलाईपासून शेवटच्या मोजमापापर्यंतचा प्रोसेस फ्लो, म्हणजे पायऱ्यांचा क्रम, लिहून तो एकदाच परीक्षणाला द्यावा, किंवा एकेक पायरी चाचणीच्या वेफरवर बसवून घेत पुढे सरकावे. दोन्हींतला फरक एका उदाहरणावरून पाहू: सिलिकॉन नायट्राइडचा पातळ पडदा आणि त्यावर सोन्याचा सूक्ष्म हीटर.

येथे संपूर्ण परीक्षणाचे पारडे स्पष्टपणे जड आहे. नायट्राइड साधारण ८०० अंश सेल्सिअसला एलपीसीव्हीडी फर्नेसमध्ये (कमी दाबाच्या वायूंतून थर चढवणाऱ्या भट्टीत) चढते आणि सोने लागलेला वेफर त्या फर्नेसमध्ये कोणीही घेणार नाही, कारण सोने तापलेल्या सिलिकॉनमध्ये झपाट्याने पसरते आणि पुढे त्याच नळीत जाणाऱ्या इतरांच्या ट्रान्झिस्टरांचे नुकसान करते. म्हणून सोने नायट्राइडनंतर. पडदा मोकळा करण्यासाठी मागच्या बाजूने पोटॅशियम हायड्रॉक्साइडने सिलिकॉन कोरावे लागते. पण पडदा तयार झाल्यावर वेफर स्पिन कोटरच्या (प्रकाशसंवेदी लेप पसरवणाऱ्या यंत्राच्या) व्हॅक्यूम चकवर, म्हणजे वेफर शोषून धरणाऱ्या बैठकीवर, ठेवला, तर पडदे फुटण्याची भीती असते. म्हणजे हीटरची लिथोग्राफी (त्या लेपावर प्रकाशाने आकार छापणे) कोरण्याच्या आधीच उरकायला हवी आणि हीटरचा धातू त्या गरम द्रावणात टिकायला हवा. क्रोमवरचे सोने टिकते, ॲल्युमिनियम विरघळून जाते. मागून कोरण्यासाठी ठेवायची खिडकीही आधीच मोजून घ्यावी लागते: कोरलेल्या भिंती ५४.७ अंशांनी कललेल्या असल्यामुळे ५०० मायक्रॉन जाडीच्या वेफरवर २०० मायक्रॉनच्या पडद्यासाठी मास्कवर (आकार छापण्याच्या साच्यावर) सुमारे ९०७ मायक्रॉनची चौकट काढावी लागते. मास्क बनवून झाल्यावर हे लक्षात आले, तर मास्कचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

पायऱ्या सुट्या तपासणाऱ्याला यातले फारसे काही दिसत नाही. प्रत्येक यंत्राचा जबाबदार माणूस आपल्यापुरते बरोबर उत्तर देतो. वेफर आपल्याकडे येण्याआधी कुठे कुठे फिरून आला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

छोट्या चाचण्यांचे बळ आकड्यांत आहे. लिहून दिलेल्या फ्लोमधले एक्स्पोजर डोस (प्रकाशाची मात्रा) आणि एचिंगचे, म्हणजे कोरण्याचे, वेळ बहुधा दुसऱ्याच्या रेसिपीतून उचललेले असतात, आणि सामायिक आरआयई यंत्राचा (प्लाझ्माने कोरणाऱ्या यंत्राचा) कोरण्याचा वेग आदल्या वापरकर्त्याने चेंबरमध्ये काय कोरले यावरही थोडाफार हलतो. असे आकडे कोणतीही समिती बसून ठरवू शकत नाही. मात्र चाचणीच्या छोट्या तुकड्यावर मिळालेला वेग पूर्ण वेफरवर जसाच्या तसा मिळत नाही, हे धरून चालावे.

तेव्हा एकाच वेफरवर फर्नेस आणि धातू दोन्ही येत असतील, किंवा वेफरच्या दोन्ही बाजूंवर काम असेल, तर संपूर्ण फ्लो आधी परीक्षणाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विकत आणलेल्या ऑक्साइड वेफरवर धातूचा एखादाच थर लिफ्ट-ऑफने (खालचा लेप विरघळवून नको तिथला धातू काढून) उठवायचा असेल, तर थेट चाचण्यांना लागावे; तिथे लांबलचक दस्तऐवज ही निव्वळ हौस ठरते.

संपूर्ण फ्लो देताना प्रत्येक पायरीपुढे वेफरच्या दोन्ही बाजूंवरचे पदार्थ, कमाल तापमान आणि उभ्या छेदाचे चित्र द्यावे, आणि जे आकडे ठाऊक नाहीत तिथे अंदाज न भरता ‘चाचणीनंतर’ असे लिहावे. कोरण्याचा वेळही लपवू नये: ८० अंशांना मिनिटाला साधारण एक मायक्रॉन, म्हणजे ५०० मायक्रॉनला आठ तासांहून थोडे अधिक, आणि तेवढा वेळ बेंचजवळ कोण थांबणार, हे परीक्षक विचारणारच. एलपीसीव्हीडी फर्नेस बंद पडली तर काय, याचेही उत्तर आधी तयार असावे. साधारण ३०० अंशांचे पीईसीव्हीडी (प्लाझ्माच्या मदतीने चढवलेले) नायट्राइड हा इथे सरळ पर्याय नाही, कारण ते कमी घट्ट असते आणि इतका दीर्घकाळ द्रावणात टिकण्याची खात्री देता येत नाही.