डॉक्टरांचा सर्व्हे: फोन, लिंक की टॅब? आठ महिने तिन्ही वापरल्यावर

पुण्यातल्या डॉक्टरांकडून माहिती घेताना आठ महिन्यांत तिन्ही पद्धती पुरत्या तपासून झाल्या. मत पक्कं आहे: पद्धत डॉक्टरांच्या ओपीडीच्या वेळेवरून ठरवावी, आपल्या बजेटवरून नाही.

सदाशिव पेठ, टिळक रोड भागातल्या स्वतंत्र क्लिनिकसाठी टॅबच, म्हणजे समोर बसून टॅबलेटवर उत्तरं भरून घेणं. सकाळची ओपीडी आटोपली की दहा-बारा मिनिटं मिळतात. पण एमआरही (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) नेमके तेव्हाच बाकावर बसलेले असतात, म्हणून त्यांचा वार रिसेप्शनला आधीच विचारून घ्यावा. टॅबवर फॉर्म भरायचं कोबोकलेक्ट हे अॅप नेटवर्कशिवाय चालतं, ही मोठी सोय. ऑटो सेंड चालू नसेल तर मात्र भरलेले फॉर्म टॅबमध्येच पडून राहतात; रोज रात्री तपासा.

मोठ्या हॉस्पिटलांतले कन्सल्टंट आणि रेसिडेंट यांना व्हॉट्सअॅपवर लिंक बरी पडते. गूगल फॉर्मला 'एकच प्रतिसाद' ही मर्यादा लावली की तो लॉगिन मागतो आणि घाईतला डॉक्टर तिथेच बंद करतो. मर्यादा काढा, प्रत्येकाला वेगळा कोड द्या. ग्रिडचे, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यातले प्रश्न मोबाइलवर टाळाच: स्क्रीन आडवी सरकवावी लागते, मग सगळ्या ओळींत एकाच रकान्यात टिक येते.

फोन फक्त वेळ ठरवायला आणि अपुरं उत्तर पूर्ण करून घ्यायला. लांबलचक प्रश्नावली फोनवर नको. मध्येच पेशंट आत येतो आणि धागा तुटतो.

खरी चूक मात्र प्रश्नातच होते. 'महिन्याला मधुमेहाचे किती पेशंट?' असं विचारलं की 50, 100, 200 असे गोल आकडे येतात, कारण डॉक्टर अंदाज सांगतात. त्याऐवजी 'मधुमेहाचे शेवटचे पाच पेशंट आठवा. प्रत्येकाला काय लिहून दिलंत?' असं विचारा. पाच ओळींचा छोटा तक्ता, वय आणि औषध एवढंच; पेशंटचं नाव कुठेही नको. टॅबवर समोर बसून हा तक्ता सर्वात नीट भरला जातो, डॉक्टर केसपेपर बघून सांगतात. अँटिबायोटिकसारख्या विषयावर मात्र समोरासमोर पुस्तकी उत्तर मिळतं. तिथे लिंकच द्या.

कोणत्या डॉक्टरांना घ्यायचं हे ठरवणाऱ्या सुरुवातीच्या चाळणीच्या प्रश्नांत नुसतं 'जीपी' (जनरल प्रॅक्टिशनर) लिहू नका. आपल्याकडे बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) जीपी भरपूर आहेत. पदवी वेगळी नोंदवली नाही तर निष्कर्ष सरमिसळ होतात.

औषध कंपनीचं काम असेल आणि बोलताना एखाद्या औषधाच्या दुष्परिणामाचा उल्लेख आला, तर तो लगेच टिपून कंपनीच्या औषधसुरक्षा विभागाला ठरलेल्या मुदतीत कळवावा. मुलाखत घेणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. मानधन दिलेल्या वेळेचं असावं, थेट बँकेत जमा. 2024 च्या यूसीपीएमपी, म्हणजे औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या संहितेनुसार औषध कंपन्यांना डॉक्टरांना भेटवस्तू देण्याची मुभा नाही.

आणि डेटाशीटमध्ये 'पद्धत' हा रकाना पहिल्या नोंदीपासून ठेवा. टॅब आणि लिंकची उत्तरं एकत्र मोजल्यावर फरक औषधाचा की विचारण्याच्या पद्धतीचा, हे नंतर शोधता येत नाही.