आठ महिने, एक सेट आणि अडीचची वायर

पाचव्या महिन्यात मी गाडीतल्या या हॅम रेडिओ सेटबद्दल लिहायला बसलो होतो आणि पहिलंच वाक्य होतं, "पैसे पाण्यात गेले." ते लिखाण अर्धवट राहिलं हे बरं झालं. आता आठ महिने पूर्ण झालेत, मत पुरतं बदललंय, म्हणून नव्याने लिहितोय. मॉडेल नंबर मुद्दाम देत नाही, कारण खाली जी भानगड येते तिच्यात त्या सेटचा दोष नव्हता आणि उगाच कुणाच्या नावावर डाग नको. प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा आहे: एचएफ (लांब पल्ल्याच्या लहरी, चाळीस मीटर त्यातच), सहा मीटर, टू मीटर आणि सत्तर सेंटीमीटर, ही तरंगलांबीवरून पडलेली बँडांची नावं, सगळं एकाच डब्यात, एचएफला शंभर वॅट, तोंड वेगळं काढून डॅशबोर्डवर लावता येतं आणि धड डिक्कीत.

मी कराडचा. कामानिमित्त आठवड्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जावं लागतं. बहीणही तिथेच दिली आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा वीज गेली, मोबाइल गेले आणि दोन दिवस बहिणीचा आवाज ऐकू आला नाही. ती माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती, पण हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर मी हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या परीक्षेची पुस्तकं आणली, जनरल ग्रेडच्या परवान्यासाठी मोर्स घोटला आणि परवाना काढला. छंद म्हणून हा सेट घेतलेला नाही. घाटात आणि घाटाखाली काहीही बंद पडलं तरी बोलता आलं पाहिजे, एवढ्यासाठी घेतला.

घेतला तो सेकंडहँड. परदेशी निघालेल्या एका हॅमकडून, बासष्ट हजारांना, माईक आणि तोंड-धड जोडणाऱ्या सेपरेशन केबलसकट. सेट स्वच्छ ठेवलेला होता. फक्त कंपनीची पॉवर केबल त्याने टेबलावर वापरण्यासाठी आखूड कापली होती. प्लगापासून जेमतेम हातभर तार शिल्लक. नवी केबल परवडत नव्हती असं नाही, पण बासष्ट हजार मोजल्यावर तारेसाठी आणखी खर्च करायचं जिवावर आलं. शेतावरच्या मोटारीच्या कामातून उरलेली अडीच एमएमची तांब्याची वायर घरात पडून होती. ती बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ओढली, मध्ये एक पात्याच्या फ्यूजचा होल्डर टाकला, जोड पक्के पिळून टेप मारली. काम झालं.

पहिले दोन महिने मी फार खूश होतो. टू मीटरवर वीस वॅट ठेवून कराडभोवती बोलत होतो, रिपोर्ट चांगले मिळत होते. रविवारी सकाळी चाळीस मीटरवर गाडी चालवत पुण्या-मुंबईपासून बंगळूरपर्यंत गप्पा व्हायच्या. चाळीस मीटरची चाबकासारखी अँटेना म्हणजे मुळात तडजोड आहे. पाव तरंगलांबीला दहा मीटर उंची हवी आणि आपण गाडीवर लावतो दोन-सव्वादोन मीटर. तीस-चाळीस किलोहर्ट्झ सरकलं की एसडब्ल्यूआर (अँटेना न जुळल्याचं माप) चढतो आणि उतरून टोक पुन्हा जुळवावं लागतं. तरीही समोरचा "फाइव्ह सेव्हन", म्हणजे आवाज स्पष्ट आणि सिग्नल चांगला, म्हणाला की बरं वाटायचं.

मग घाटातला प्रकार सुरू झाला. कुंभार्लीत वरच्या वळणांपाशी मी नेहमी थांबतो. इंजिन बंद करतो, कारण डिझेलही वाचतं आणि गाडीचा खरखराटही जातो. चाळीस मीटर लावलं, माईक दाबला, "हॅलो" म्हटलं आणि स्क्रीन विझला. सेट पूर्ण बंद. परत चालू केला, ऐकू येतंय छान. पुन्हा बोललो, पुन्हा बंद. हळू आवाजात बोललो तर चालतो, आवाज चढवला की जातो. टू मीटरवर काहीच अडचण नाही. गाडी सुरू केली तर चाळीस मीटरही चालतं. घरी टेबलावर पॉवर सप्लाय लावला तर तासभर बोला, हूं की चूं नाही.

मी बॅटरीवर मीटर लावून पाहिला. १२.६ व्होल्ट. म्हणजे वीज ठीक आणि सेटच आतून गेलेला, असा मी निकाल लावून टाकला. दुसऱ्यांदा घाटात तसंच झालं तेव्हा धुकं दाटलेलं, मोबाइलला रेंज नाही आणि ज्या वेळेसाठी हा सेट घेतला नेमक्या त्या वेळी तो मान टाकतोय. रागाने हात थरथरत होते.

सेट मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्याकडे कुरिअरने पाठवला. बारा दिवसांनी त्याचा फोन आला: सेटमध्ये दोष नाही, डमी लोडवर (अँटेनाऐवजी ताकद पचवणारा रोधक) दोन तास पूर्ण ताकदीने चालवला, तपासणीचे दीड हजार द्या. दोष नाही तर पैसे कसले, म्हणून मी भांडलो. "तुमच्याकडे चालतो म्हणजे तुम्ही नीट बघितलाच नाही," असंही बोललो. शेवटी त्याने पैसे न घेताच सेट परत पाठवला. बिलाच्या मागे पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: सप्लाय वायर चेक करा. मला ती अंग काढून घेण्याची पद्धत वाटली. बासष्ट हजारांचा सेट आणि म्हणे वायर बघा. तो कागद मी चुरगळून डॅशबोर्डच्या खणात टाकला आणि त्याच आठवड्यात ते "पैसे पाण्यात" वालं लिखाण सुरू केलं.

पाटणजवळ आमचे एक ज्येष्ठ हॅम राहतात. वीज मंडळातून निवृत्त झालेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप त्यांनी लहानपणी अंगावर घेतलाय. घरातलं कुठलंही यंत्र बंद पडलं की ते आधी त्याची पिन बघतात. सेट विकायचा विचार आहे म्हणून त्यांच्याकडे गेलो.

"इंजिन बंद असतानाच जातो ना?" काकांनी विचारलं.

"हो काका. पण बॅटरी १२.६ दाखवते, मी स्वतः बघितलंय."

"कधी बघितलंस? बोलताना की गप्प असताना?"

मी गप्प असतानाच बघितलं होतं. काकांनी दोन मीटर आणले. एक बॅटरीच्या टोकांना, दुसरा डिक्कीत सेटच्या प्लगापाशी. अँटेनाच्या जागी डमी लोड. मला म्हणाले, सीडब्ल्यूवर, म्हणजे मोर्सवर घे, ताकद कमी कर आणि मोर्सची की दाबून धर. वीस वॅट, दोन्ही आकड्यांत फरक थोडा. पन्नासला तो वाढला. शंभर केलं तेव्हा बॅटरीवर १२.३ आणि सेटपाशी १०.५, आणि तेवढ्यात स्क्रीन विझला. काका काही बोलले नाहीत. बॉनेटखाली वाकून त्यांनी फ्यूज होल्डर बोटाने चाचपला आणि माझा हात धरून त्यावर टेकवला. चटका बसला. होल्डर उघडला तर फ्यूज शाबूत, पण एका बाजूचं काळं प्लास्टिक तपकिरी होऊन खाली ओघळलेलं, आतली पितळेची जीभ निळसर पडलेली. जळक्या बॅकेलाइटसारखा वास येत होता.

पुढचा हिशोब काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवला. तो इथे देतो, कारण मला कुणी आधी सांगितला असता तर तीन महिने आणि एका माणसाशी झालेलं भांडण वाचलं असतं. शंभर वॅट बाहेर टाकायला हा सेट वीस-बावीस अँपिअर ओढतो. अडीच एमएमच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण सात मिलीओहम. डिक्की पाच मीटरवर, जायची आणि यायची तार मिळून दहा मीटर, म्हणजे सत्तर मिलीओहम. वीस अँपिअरला तारेतच १.४ व्होल्ट गेले. उरलेले ०.४ त्या होल्डरमध्ये आणि माझ्या पिळलेल्या जोडांमध्ये. सेटला हवेत १३.८ व्होल्ट, वर-खाली १५ टक्के चालतात, म्हणजे खालची हद्द ११.७. त्याला मिळत होते १०.५. इंजिन चालू असताना अल्टरनेटर १४.२ देतो, त्यातून १.८ गेले तरी १२.४ उरतात, म्हणून गाडी चालताना सगळं ठीक. टू मीटरला वीस वॅटवर करंट कमी, म्हणून तिथेही ठीक. एसएसबीवर, म्हणजे चाळीस मीटरवर बोलायच्या पद्धतीत, हळू बोललं की करंट कमी, मोठ्याने बोललं की जास्त. एकेका लक्षणाचं उत्तर त्या कडेवरच्या हिशोबात होतं.

आणि १.८ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे ३६ वॅट. चांगला सोल्डरिंग आयर्न असतो तेवढी उष्णता मी माझ्या गाडीत सोडत होतो, आणि त्यातले आठ वॅट होल्डरमध्ये आणि टेपखालच्या जोडांमध्ये एकवटलेले. सेट बंद पडल्यामुळे हे उघड झालं, म्हणून गाडी वाचली.

दहा एमएमची मऊ केबल आणली. तारेच्या टोकांवरचे थिंबल हाताने न दाबता प्रेसने मारून घेतले. चाळीस अँपिअरचा जाड पितळी संपर्काचा होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. हे अंतर महत्त्वाचं आहे. तार कुठे पत्र्यावर घासली तर त्या जागेच्या आधी फ्यूज असला पाहिजे, नंतर असून उपयोग नाही. सगळा खर्च २,१५० रुपये. आता शंभर वॅटला बॅटरी ते सेट फरक ०.४ व्होल्ट. घाटात इंजिन बंद करून अर्धा तास बोलतो, स्क्रीन लुकलुकतसुद्धा नाही.

मुंबईच्या त्या माणसाला दुसऱ्याच दिवशी फोन केला. चूक माझी होती हे सांगितलं, माफी मागितली आणि त्याचे दीड हजार पाठवले. रागावला नाही. "वायर कितीची टाकलीत?" एवढंच विचारलं. दहाची म्हटल्यावर म्हणाला, "आता बोला बिनधास्त."

सेटबद्दलही थोडं लिहायला हवं. रिसीव्हर उत्तम आहे. ऐकू येणारा खरखराट बहुतेक आपल्याच गाडीचा असतो. माझ्याकडे सिगारेट लायटरच्या खोबणीतला स्वस्त मोबाइल चार्जर काढला आणि चाळीस मीटरवरचा खरखराट सिग्नल मोजणाऱ्या काट्यावर एस सातवरून एस दोनवर आला. डिक्कीचं झाकण आणि बॉडी जाळीच्या पट्टीने जोडली तेव्हा अँटेनाही सुधारली. बटणं बारीक आहेत, मेनू खोल आहे, चालत्या गाडीत त्यात शिरूच नये. मी हवी ती चॅनेलं घरीच भरून ठेवतो. दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचता येत नाही, ही तक्रार कायम आहे. पंखा मोठ्याने फिरतो, पण डिक्कीत असल्याने त्रास नाही. सूर्य जोरात होता, म्हणजे त्यावरचे डाग वाढलेले होते, त्यामुळे कोयनानगरच्या वरच्या सपाटीवरून दहा मीटरच्या बँडवर छोट्या अँटेनेनेही लांबलांबची स्टेशनं मिळाली. त्याचा आनंद होतोच.

पण माझ्यासाठी खरी कसोटी कराड ते चिपळूण ही होती. अंतर थोडं, मध्ये सह्याद्री. टू मीटर डोंगरावर आदळून थांबतं. चाळीस मीटर सरळ वर पाठवलं तर ते आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतं, डोंगराच्या दोन्ही बाजूंना. त्यासाठी उभी अँटेना कुचकामी आहे. मी वीस मीटर तारेचा डायपोल, म्हणजे मधोमध जोड दिलेली तारेची अँटेना, डिक्कीत गुंडाळून ठेवतो. थांबलो की एका झाडाच्या फांदीवर मधला भाग चढवायचा, दोन्ही टोकं दोऱ्याने झुडपांना बांधायची. चार-पाच मीटर उंची पुरते, इथे जास्त उंची नकोच. पंधरा मिनिटांचं काम. गेल्या जुलैत भर पावसात, मोबाइलला एकही काडी नसताना, हेळवाकच्या अलीकडे थांबून चिपळूणच्या एका हॅम मित्राशी बोललो. "फाइव्ह नाइन," तो म्हणाला, "छतावर बसल्यासारखा येतोयस." त्याला मी बहिणीच्या घरी निरोप द्यायला सांगितला की वाटेत आहे, जेवायला येतोय. मी पोचलो तेव्हा ताट वाढलेलं होतं.

आता भाचा परीक्षेला बसतोय. त्यांच्या गच्चीवर कायमचा डायपोल टांगायचा, वरच्या मजल्यावर सेट आणि एक मोठी बॅटरी ठेवायची, पाणी चढलं तरी तिथवर येऊ नये अशी. सेट पुन्हा सेकंडहँडच बघतोय. तारेचे पैसे मात्र आधीच बाजूला काढून ठेवलेत.