कोलेस्टेरॉलची गोळी आणि अडकित्ता: आठ महिन्यांनंतर

खानापूरकडच्या एका लग्नात पंगतीतून उठताना मांड्यांनी संप केला. मागं पुढची पंगत ताटकळलेली, आणि मी पत्रावळीसमोर बसलेलाच. शेवटी दोन भाच्यांनी काखेत हात घालून उचललं. मार्चपासून कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, १० मिलिग्रॅमची, चालू होती. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ वरून १०४ वर आलं होतं, म्हणजे गोळी कामाची. पण माझे पाय तिनंच खाल्ले, हे मी त्या पंगतीतच ठरवून टाकलं.

आधी पैशाचं सांगतो. चिठ्ठी १० ची, पण २० ची पट्टी जेमतेम महाग. म्हणून २० ची आणून अर्धी करत होतो. आणि ह्या गोळीला मधोमध रेघच नाही! सुरीनं कापली की अर्धी ओट्यावर, उरलेली फरशीवर. मग आईचा अडकित्ता काढला. सुपारीसारखी धरायची, हळू दाबायची. तरी पंधराच्या पट्टीत दोन-तीन गोळ्यांचा भुगा ठरलेला. एक रेघ मारायला असा काय खर्च येतो?

डॉक्टरांना म्हटलं, लहान-मोठ्या तुकड्यांनीच पाय दुखत असतील. ते हसले. हे औषध अंगात बराच वेळ टिकतं, तुकडा थोडा लहान-मोठा झाल्यानं काही होत नाही, सकाळी घ्या नाहीतर रात्री, म्हणाले. रात्रीचा नियम सिमव्हास्टॅटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा. मग औषधवाल्यानं पाकिटावर चंद्र काढून ‘ऊट आद मेले’, म्हणजे जेवण झाल्यावर, असं कानडीत दोनदा बजावलं ते कशाला?

लघवी काळ्या चहासारखी होते का, हे मात्र त्यांनी गंभीरपणे विचारलं. तसं झालं तर स्नायू झिजताहेत, वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. तसं काही नव्हतं. स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके ही रक्ततपासणी केली, थायरॉईडचीही, कारण थायरॉईड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि अंगही दुखतं. दोन्ही नॉर्मल. पैसे गेले ते गेलेच. त्यांनी तीन आठवडे गोळी बंद केली. दहा दिवसांत पाय मोकळे! राजहंसगड चढून आलो आणि येळ्ळूरात भेटेल त्याला सांगत सुटलो.

मग त्याच जातीची दुसरी गोळी, रोसुव्हास्टॅटिन ५, सुरू झाली. नवव्या दिवशी मांड्या पुन्हा धरल्या. ‘बघ, म्हटलं नव्हतं?’ असं मी बायकोला ऐकवतोय, तर ती दहाची पट्टी घेऊन आली. एक उरायला हवी होती, चार होत्या. ‘तीन दिवस गोळी खाल्लासा कुठं ओ?’

मी गप्प. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी लंडनचा २०२० चा एक प्रयोग सांगितला, सॅमसन नावाचा. त्रासापायी गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही, असं ठेवलं. खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे नाटक नव्हे, दुखतं ते खरंच दुखतं, फक्त औषधानंच असं नाही. स्नायूंचा त्रास काहींना गोळीनं होतोच, हेही ते म्हणाले. माझा पंगतीतला कुठला, ते कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता पाच महिने रोसुव्हास्टॅटिन चालू आहे, एलडीएल ९८. गोळी इवलीशी, कापायची नाही, महिन्याचा खर्च पाव किलो कुंद्यापेक्षा कमी. अडकित्ता कडू लागतो म्हणून आईनं तो दोनदा राखेनं घासला. पंगतीत मात्र मी खांबाजवळची जागा धरतो.