राणीबागेचा रविवार, फक्त दोघांनी

राणीबाग म्हटलं की पोरांचा लवाजमा, पेंग्विनची रांग आणि लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलाची घोषणा, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. मुलं नसतील तर तिथे जाऊन करायचं काय, असंही वाटतं. खरं तर भायखळ्याचा हा कोपरा नवरा-बायकोने निवांत फिरण्याजोगा आहे; फक्त क्रम चुकता कामा नये. सकाळी बाग, ऊन चढलं की शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि मग लालबागला पोटपूजा. हे उलटं केलंत तर तिन्हीकडे नुसती गर्दी बघून परत याल.

रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, गृहीतच धरा. तो बहुधा अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो. नऊ-सव्वानऊला भायखळ्यात उतरलात आणि चारनंतर परत निघालात की त्याची झळ लागत नाही. इथे फास्ट लोकलही थांबते. पश्चिम रेल्वेवाल्यांनी दादरला गाडी बदलावी, हार्बरवाल्यांनी कुर्ल्याला. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की दहा-बारा मिनिटांची चाल.

बाग साडेनऊला उघडते. बुधवारी बंद. तिकीट मोठ्यांना 50 रुपये. आईवडील आणि दोन मुलं अशा चौघांचं मिळून 100, म्हणजे नुसत्या जोडप्यालाही तेवढेच पडतात. ऑनलाइन काढून ठेवलं तर खिडकीवरचा अर्धा तास वाचतो. आत शिरल्याबरोबर आधी पेंग्विन उरकून घ्या. बहुतेक कुटुंबं अकरानंतर येतात आणि थेट तिकडेच वळतात, मग रांग इमारतीबाहेर येते आणि काचेसमोर उभं राहायला जेमतेम एक मिनिट मिळतं. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. 2016 मध्ये ते सोलहून आणले, 2017 च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळू लागले. त्यांच्या कक्षात तापमान 16 ते 18 अंश ठेवतात. फ्लॅश मारू नका. प्राण्यांना त्रास होतोच, शिवाय फोटोत पेंग्विनऐवजी काचेवरचा पांढरा ठिपका येतो. मोबाइल काचेला अगदी टेकवून धरा, म्हणजे मागच्या माणसांचं प्रतिबिंबही येत नाही.

त्यानंतरचा दीड तास झाडांना द्या. बागेतली खरी श्रीमंती तीच, आणि तिच्याकडे बघणारे कमी. बुंध्याने हत्तीला लाजवणारी गोरखचिंच, खोडालाच फुलं लागणारा कैलासपती, सीताअशोक आणि या सगळ्यांची राणी म्हणावी अशी उर्वशी. हिवाळ्याअखेरीस गेलात तर तिचे लोंबते लालगुलाबी तुरे दिसतील. एरवी झाडापुढून सहज निघून जाल. पावसाळ्यात बाग सुंदरच, पण डास फाडून खातात. पूर्ण बाह्या आणि बंद बूट हवेत.

साडेअकराच्या सुमारास फाटकाशी परत या. संग्रहालय तिथेच, तिकीट मात्र वेगळं. 1872 मध्ये खुलं झालेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. 1975 पर्यंत त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, मग भाऊ दाजींचं नाव लागलं. भाऊ मूळचे गोव्यात पेडण्यातल्या मांद्रे गावचे, पेशाने डॉक्टर, संस्कृतचे जाणकार आणि मुंबईचे शेरीफ. आत पाऊल टाकताच आधी वर बघावं की खाली, असं होतं: छताची रंगीत-सोनेरी नक्षी, बिडाचे खांब, पायाखाली इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरश्या. पण वेळ घालवायचा तो वरच्या मजल्यावर. पगड्यांचे प्रकार, मुंबईतल्या जातीजमातींच्या मातीच्या बाहुल्या, पारशांच्या दोखम्याची (मृतदेह ठेवायच्या बुरुजाची) प्रतिकृती, सात बेटांची मुंबई दाखवणारे नकाशे. बारकावे इवले-इवले आहेत, चाळिशीचा चष्मा घरी विसरू नका. घाई करणाऱ्याचं पाऊण तासात उरकतं. नीट बघायला दोन तास हवेत.

बाहेर दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा म्हणतात, तो हाच. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा बेत होता; उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. सांधे आजही दिसतात. आणि ज्या घोड्यामुळे फोर्टातल्या चौकाला काळा घोडा म्हणतात, त्याचा पुतळा स्वार ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डसह 1965 पासून इकडेच मुक्कामाला आहे. हत्ती बघून घोडा चुकवणारे फार.

जेवायला लालबाग. टॅक्सीवाल्याला बसतानाच 'ब्रिजखालून घ्या' म्हणून सांगा. उड्डाणपूल राणीबागेजवळच सुरू होतो आणि त्यावर एकदा चढलात की लालबाग खाली राहून थेट परळला उतरता. लाडू सम्राटमध्ये रविवारी दुपारी रांग असते, टेबलही अनोळखी मंडळींबरोबर वाटून घ्यावं लागतं; हातात हात घालून गप्पा मारायची ही जागा नव्हे. दोघांत एक मिसळ, एक कोथिंबीर वडी आणि शेवटी पियूष, एवढं पुरतं. लाडू बांधून घ्या. खाऊन झाल्यावर तिथेच लाडू मागवला तर अर्धा ताटात राहतो. वेळ उरला तर चिवडा गल्ली जवळच आहे. आधी चाखायला मागा, मग पाव किलोच घ्या, कारण दोन-तीन दुकानं फिरल्यावर आधीच्या पिशवीपेक्षा पुढचा चिवडा हमखास चांगला निघतो.